समोरचा खोटं बोलतोय का? कर्ज तपासणीच्या खुर्चीत नव्याने बसणाऱ्यांसाठी

पतसंस्थेच्या कर्ज विभागात लागून मला चार-पाच महिने झाले असतील. एक वयस्क गृहस्थ पुतण्याला जामीन राहायला आले होते. धोतर, टोपी, पायात जाड वहाणा. विचारेन त्याचं उत्तर देत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते, टेबलाच्या कडेकडे बघत होते. कपाळावर घाम. आणि उजवा हात सगळा वेळ सदऱ्याच्या खिशात. हात लपवणारा काहीतरी लपवत असतो, असं कुठंतरी वाचलेलं डोक्यात पक्कं बसलं होतं. मी फाईलवर शेरा मारला, ‘जामीनदार माहिती लपवत असावेत.’ फाईल अडली.

दुसरा जामीनदार काही मिळेना, तेव्हा पंधरा दिवसांनी तेच परत आले. या वेळी सहीच करायची होती, म्हणून हात खिशातून बाहेर काढावा लागला. दोन बोटं नव्हती. कडबाकुट्टीत गेलेली. उरलेल्या बोटांत पेन धरून त्यांनी सही केली, तिला मिनिटभर लागलं, आणि तेवढा वेळ बाकड्यावरची माणसं त्यांच्या हाताकडे बघत होती. लपवण्यासारखं त्यांच्याकडे तेवढंच होतं.

नवीन मुलं विभागात आली की पहिल्या दिवशी मी त्यांना ही गोष्ट सांगतो आणि मग पुढचं सगळं शिकवतो. ते इथं क्रमानं लिहितोय. उदाहरणं माझ्या धंद्यातली आहेत, पण भाडेकरू ठेवताना, जुनी गाडी घेताना किंवा दुकानात माणूस कामावर घेताना हाच क्रम चालतो.

पहिली पायरी: डोक्यातला कचरा काढा

नजर चुकवली म्हणजे खोटं, हे आपल्या भाषेतच मुरलेलं आहे. नजर चोरणे, तोंड चुकवणे, त त प प करणे. फक्त आपल्याच नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५८ देशांतल्या लोकांना विचारलं होतं की खोटं बोलणारा कसा ओळखाल, आणि सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर हेच होतं, तो डोळ्याला डोळा देत नाही. जगभर एकमत. आणि तरी चूक. २००३ मध्ये बेला डिपॉलो या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर झालेले प्रयोग एकत्र करून खोटेपणाच्या १५८ लक्षणांचा हिशेब मांडला. बहुतेक लक्षणांचा खोटेपणाशी संबंध नव्हता, किंवा इतका पुसट होता की समोरासमोर बसून तो दिसणारच नाही. नजर चुकवणं त्यातलंच एक.

आपल्याकडे तर सुनेनं सासऱ्यासमोर, गड्यानं मालकासमोर, विद्यार्थ्यानं गुरुजींसमोर खाली बघायचं असतं. तुम्ही टेबलाच्या पलीकडे शर्ट इन करून बसलेला साहेब. खाली न बघितलं तरच नवल.

‘डोळे वर उजवीकडे गेले म्हणजे माणूस रचून सांगतोय’ हे व्हॉट्सॲपवर फिरणारं ज्ञानही सोडून द्या. रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ते तपासून बघितलं, काही हाती लागलं नाही. नाक खाजवणं, पाय हलवणं, घाम, हाताची घडी यांचंही तेच. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली घाम सगळ्यांनाच येतो.

आता तुमच्या स्वतःच्या अंदाजाबद्दल. चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी २००६ मध्ये २०६ शोधनिबंधांतले आकडे एकत्र केले. त्यांत चोवीस हजारांहून जास्त लोकांनी खरं-खोटं ओळखायचा प्रयत्न केला होता. सरासरी बरोबर उत्तरं ५४ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० मिळाले असते. खोटं सांगितलेलं त्यांनी ४७ टक्के वेळा पकडलं, म्हणजे निम्म्याहूनही कमी. पोलिसांसारखी सराईत माणसं सर्वसामान्यांपेक्षा सरस ठरली नाहीत. ‘मी माणूस बघितल्या बघितल्या ओळखतो’ म्हणणारे आमच्या संस्थेत दोघं होते. दोघांच्याही शिफारशीची थकीत खाती मी वसूल करत हिंडलोय.

सरकारंसुद्धा यात फसतात. अमेरिकेत विमानतळांवर प्रवाशांच्या हावभावांवरून संशयित हेरण्याची एक योजना होती. २००७ पासून तिच्यावर सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षकांनी लिहिलं की हावभावांवरून धोका ओळखता येतो याला पुरावा नाही, पुढचा निधी मर्यादित करा.

आपल्याकडची एक गोष्ट मला यापेक्षा जास्त आवडते. याज्ञवल्क्यस्मृतीत खोट्या माणसाची लक्षणं दिली आहेत. एका जागी ठरत नाही, ओठांच्या कडा चाटतो, कपाळाला घाम येतो, चेहऱ्याचा रंग उतरतो, बोलताना अडखळतो, उलटसुलट बोलतो. थेट हल्लीच्या यूट्यूब व्हिडिओतली यादी. पण त्या स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानं तिथंच पाचर मारून ठेवली आहे. यावरून दोषाची शक्यता तेवढी कळते, दोष ठरत नाही, कारण माणसाचा हा मूळ स्वभाव की काही कारणानं आलेला बदल, हे वेगळं करणं अवघड. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत जिचं नाव आपण ऐकतो तीच ही मिताक्षरा. उमरग्याच्या पलीकडे बसवकल्याण आहे, तिथल्या चालुक्यांच्या दरबारात नऊशे वर्षांपूर्वी हे लिहिलं गेलं. मला कडबाकुट्टीवाल्या काकांपर्यंत थांबावं लागलं.

दुसरी पायरी: माणूस एरवी कसा बोलतो ते बघा

कुणी मुळात हळू बोलतो, कुणी मुळात हातवारे करतो. तेव्हा आधी त्याचा नेहमीचा सूर ऐका. पण इथं नवी मुलं एक चूक हमखास करतात. चहा मागवतात, पाऊसपाण्याच्या गप्पा मारतात, माणूस मोकळा बोलतो. मग कर्जाचा विषय निघतो, माणूस आखडतो, आणि हे म्हणतात, बघा, बदलला! अहो, पैशाचा विषय निघाल्यावर कोण आखडत नाही?

तुलना सारख्याला सारख्याशी करा. ज्याचं खरं उत्तर तुमच्याकडे कागदावर आहे असा पैशाचाच प्रश्न आधी विचारा. ‘मागचं कर्ज घेतलं होतं ते कशाला, आणि कसं फेडलं?’ खातेउतारा तुमच्यासमोर आहे. खरं सांगताना, आणि तेही पैशाबद्दल, हा माणूस किती तपशील देतो, कुठं अडखळतो, तारखा सांगतो की सणवार सांगतो, हे ऐकून ठेवा. आता नव्या कर्जाचं विचारा. बोलण्याची जात बदलली तर त्या जागी पेन्सिलीनं खूण करा. तिचा अर्थ एवढाच, की इथं आणखी विचारायचंय.

तिसरी पायरी: बघू नका, ऐका

अंगापेक्षा बोलण्यात जास्त सापडतं. तेही थोडंच, पण सापडतं.

सगळ्यात कामाचं लक्षण म्हणजे उत्तर न देता दिलेलं उत्तर. ‘हप्ता भरला का?’ ‘साहेब, काल मी बँकेतच होतो की.’ हे खोटं नाही. काल तो बँकेत असेलही. पण हप्ता भरला असंही तो म्हणालेला नाही. आपल्याकडे याला ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतात आणि धर्मराजालाही ते चुकलं नाही. सरळ खोटं बोलणं बहुतेकांना जड जातं, म्हणून माणसं आधी वळसा घालून बघतात. तुम्ही शांतपणे तोच प्रश्न परत विचारायचा, त्याच शब्दांत. आवाज न चढवता.

दुसरं, वाक्यातून ‘मी’ नाहीसा होतो. ‘मी मार्चमध्ये बियाणं घेतलं’ म्हणणारा माणूस अचानक ‘मग ते पैसे तिकडे गेले, मग तसं झालं, मग राहूनच गेलं’ असं बोलायला लागतो. कुणी नेले, कुणी केलं, काही नाही. अर्थात आपली बोलीच अशी आहे, ‘राहून गेलं’ तर मीसुद्धा बायकोला रोज म्हणतो. एवढ्यावर कुणाला धरू नका.

तिसरी गोष्ट नव्या मुलांना उलटी वाटते. खरं बोलणाऱ्याची गोष्ट खडबडीत असते. ‘मंगळवारी गेलो… नाही नाही, बुधवार, बाजार होता त्या दिवशी.’ ‘किती दिले ते आठवत नाही आता, वहीत बघावं लागेल.’ स्वतःच स्वतःला दुरुस्त करणं, आठवत नाही हे कबूल करणं, मधेच भलतंच काही आठवणं. खोटं सांगणारा हे टाळतो, त्याला वाटतं त्यानं आपण खोटे दिसू. त्यामुळे त्याची गोष्ट इस्त्री केलेली असते, आणि दोनदा विचारली तर दोन्हीदा त्याच घड्या पडतात.

चौथी गोष्ट, तपशिलाची जात. थापाड्याही तपशील देतो, लोणकढी थाप मारणारे तर भरपूर देतात. पण ते असे की पडताळता येऊ नयेत. पैसे रोख घेतले, एका मित्राकडून, तो आता गुजरातेत असतो, फोन लागत नाही. खरं सांगणाऱ्याच्या तोंडून नकळत खुंट्या येतात. कुणाचं दुकान, कुठली पावती, बरोबर कोण होतं, कुठल्या फोनवरून पैसे पाठवले. एखाद्याच्या बोलण्यात अशी एकही खुंटी नसेल तर थांबा.

‘आईशप्पथ’, ‘गळ्याशप्पथ’, ‘देवासारखे आहात तुम्ही’ यांना शून्य गुण. वजा नाही, अधिक नाही.

चौथी पायरी: त्यानं पाठ न केलेलं विचारा

इथं वेळ घालवा, खरं काम इथं आहे.

खोटं बोलायला आलेला माणूस तयारी करून येतो, पण तुम्ही काय विचाराल याचा अंदाज बांधूनच. अंदाजाबाहेरचा प्रश्न आला की त्याला जागेवर रचावं लागतं, आणि रचताना डोकं दमतं. आल्डर्ट व्रे या मानसशास्त्रज्ञानं यावर बरीच वर्षं काम केलं आहे. त्याचं म्हणणं असं की खोट्याची भीती बाहेर पडेल म्हणून वाट बघू नका, त्याला विचार करायला लावा. जागेचा नकाशा काढायला सांगा, घटना शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावा. उलटं सांगायला लावणं पोलिसांना ठीक आहे. कर्जदाराला लावलं तर तो उठून शेजारच्या पतसंस्थेत जाईल. जागेबद्दलचे आणि कामाबद्दलचे प्रश्न मात्र खुशाल विचारा.

एकजण दोन गाई घेण्यासाठी कर्ज मागत होता. गोठ्यात आधीच्या चार आहेत, असं अर्जात होतं. स्थळपाहणीला गेलो तर खरंच चार होलस्टीन दावणीला. माणूस तरतरीत, नजरेला नजर देऊन बोलणारा. दूध किती? धडाधड सांगितलं. डेअरी कुठली, फॅट किती लागतं, दर काय मिळतो? सगळं बिनचूक. माझ्याबरोबरचा मुलगा वही मिटायला लागला.

मी विचारलं, ‘यातली लाथ कोण मारते?’

तो हसला. म्हणाला, सगळ्या गरीब आहेत. बरं. ही कितव्या वेताची? ‘तिसऱ्या.’ आणि ही? ‘तीपण तिसऱ्याच.’ शेवटचा डॉक्टर कधी आला होता, कशासाठी? इथं तो माझा प्रश्न मलाच सांगायला लागला, ‘डॉक्टर म्हणजे… कशासाठी म्हणजे… येतातच ना डॉक्टर.’ मी म्हटलं, त्या कोपऱ्यातलीला जरा पुढं घ्या, बघू. तो जवळ गेला आणि गाय बुजली. दाव्याला हिसडा देऊन मागं सरकली. रोज दोन वेळा ज्याच्या हातानं धार काढून घेते त्याला गाय अशी बुजत नाही.

तरीही मी तिथं काही बोललो नाही. नवीन माणूस असेल, गोठा बायको बघत असेल, शक्य आहे. गाईंच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यांवरचे बारा आकडी नंबर मुलाला लिहून घ्यायला लावले आणि चहा पिऊन निघालो. ऑफिसात आल्यावर दोन नंबर आमच्याच दुसऱ्या एका कर्जदाराच्या पशुविम्याच्या कागदांवर सापडले. तो याचा मेहुणा निघाला.

गाय बुजली म्हणून कर्ज नाकारलं नाही, नंबर जुळले म्हणून नाकारलं.

पाचवी पायरी: हातातला कागद लगेच आपटू नका

समजा तुमच्याकडे माहिती आहे, की यानं दुसऱ्या संस्थेचंही कर्ज घेतलंय आणि ते थकलंय. नवा माणूस उतारा टेबलावर टाकतो आणि म्हणतो, हे काय? झालं. आता समोरचा त्या उताऱ्याला बेतेल एवढीच सारवासारव करणार.

कागद खाली ठेवा. आधी मोकळं विचारा, ‘एकूण देणं-घेणं कसं काय आहे तुमचं?’ मधे बोलू नका. गप्प बसता येणं ही या धंद्यातली निम्मी अक्कल. मग जरा जवळचं विचारा, ‘इतर कुठल्या संस्थेत खातं?’ मग, ‘कुठं जामीन वगैरे?’ प्रामाणिक माणूस पहिल्या किंवा दुसऱ्या प्रश्नालाच सांगून टाकतो, कारण त्याला कागदाची धास्ती नसते. तिसऱ्यालाही नाही म्हणाला तर उतारा पुढे करा आणि स्पष्टीकरण ऐकून घ्या. खरंच ऐका. कधीकधी सख्ख्या भावाचं नाव सारखं असतं.

स्वीडनमध्ये पोलीस प्रशिक्षणार्थींवर याचा प्रयोग झाला, २००६ मध्ये. पुरावा केव्हा आणि कसा वापरायचा हे शिकवलेल्यांनी सुमारे ८५ टक्के वेळा खरं-खोटं बरोबर ओळखलं, न शिकवलेल्यांनी ५६ टक्के. हावभाव तर दोघांनाही दिसतच होते.

दम मात्र देऊ नका. आमच्याकडं एक वसुलीवाले ‘लाय डिटेक्टरवर बसवीन’ म्हणायचे. ५ मे २०१० ला सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिलाय की माणसाच्या मर्जीविरुद्ध त्याची नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग चाचणी करता येत नाही. खुनाच्या आरोपीला जे करता येत नाही ते तुम्ही म्हशीच्या कर्जासाठी करणार?

सहावी पायरी: खुर्चीतून उठा

पेन्सिलीच्या खुणा घेऊन बाहेर पडा. सातबारा कर्जदारानं आणलेला झेरॉक्स घेऊ नका, डिजिटल स्वाक्षरीचा स्वतः काढा आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा बघा. विनास्वाक्षरीचा सातबारा नुसत्या माहितीपुरता असतो. मालकी कधी बदलली त्यासाठी फेरफार बघा. पगारदार असेल तर स्लिपवरचा नंबर फिरवू नका, आस्थापनेचा नंबर स्वतः शोधून फिरवा. शेजाऱ्याला ‘माणूस कसा आहे’ विचारलं तर तो चांगलाच सांगणार. ‘यांच्या गोठ्यातलं दूध कुणाकडं जातं’ विचारा.

फोनवरचं वेगळं आहे. तिथं अंग दिसत नाही, आणि खोटं बोलणारा तुमच्यासमोर बसलेला नसतो, तुमच्या मागं लागलेला असतो. तिथं दोनच गोष्टी बघा, घाई आणि गुप्तता. ‘आत्ताच्या आत्ता’ आणि ‘घरात कुणाला सांगू नका’ ही दोन वाक्यं एकाच तोंडून आली की फोन ठेवा, समोरचा पोलिसी वर्दीत व्हिडिओवर दिसत असला तरी. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

घरी हे उद्योग करू नका. मी एकदा केले होते. मुलगा शिकवणीला गेला होता की नाही, हे काढायला त्याला क्लासच्या वर्गाचा नकाशा काढायला लावला. त्यानं काढला, बाकांसकट. गेलाच होता. पुढचे दोन दिवस बोलला नाही.

शेवटची पायरी: शेरा

‘अर्जदार खोटे बोलतात’ असं फाईलवर कधीही लिहू नका. ते तुमचं मत आहे, आणि ५४ टक्क्यांचा हिशेब वर दिलाच आहे. जे विचारलं, जे ऐकलं, जे बघितलं आणि जे पडताळलं तेवढं लिहा.

माझा त्या दिवशीचा शेरा होता, ‘जामीनदार माहिती लपवत असावेत.’ आज लिहीन तो असा, ‘जामीनदारास मालमत्तेविषयी पाच प्रश्न विचारले, पाचांची उत्तरे दिली. सातबाऱ्याशी पडताळली, जुळली. उजव्या हाताच्या दोन बोटांना इजा असल्याने सही सावकाश होते, नमुना सही त्याप्रमाणे घ्यावी.’ खाली तारीख, आपली सही, आणि फाईल पुढच्या टेबलावर.